रविवारचं बटण

सोमवार, ता. ९

ती. ताईस,
धाकटीचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक. ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे. पाठकोरा कागद वापरलाय, हसायचं तर हस. हसलीस तर बरंच वाटेल.

चिमीनं पोट रिकामं करून घेतलं, हे भावजींच्या फोनवरून कळलं. तुझ्याकडून नाही. तिचा छकुला त्या आजारानं गेल्यावर दीड वर्षानं तुझ्या लेकीला दिवस राहिले होते, आणि आता तेही नाही. तिला एकटी झोपू देऊ नकोस.

माझ्या लेकीशी तू बोलणं टाकलंस. “माझ्या नातवाच्या रक्ताचा शेवटचा थेंब तुझ्या शहाणीनं मातीत घातला,” म्हणालीस. घरात आम्हीही तिला शहाणीच म्हणतो, पण तुझ्या तोंडून ते लागलं.

शहाणीचं प्रयोगशाळेतलं काम मी पाहिलंय. जेलीसारखी थिजलेली पातळ लादी असते. तिच्या एका कडेला बारीक खाचा, त्यांत थेंब घालायचे. मग वीज सोडली की थेंबातले तुकडे सरकू लागतात. बारके पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. कोण किती सरकलं ते मोजायचं. छकुल्याचा थेंब मधे आणि चिमी-जावईबापूंचे दोन बाजूंना, असं तिनं लावलं होतं. आजार आईबापांकडून आला की त्या एकट्या जीवातच उपजला, हे कळणार होतं. एकट्याचा निघता तर चिमीला भीती नव्हती.

त्या रविवारी सकाळी लादी लावून ती वाचनालयात गेली. मंद विजेवर संध्याकाळपर्यंत चालायचं होतं. दुपारी मी डबा घेऊन गेले. पहारेकरी ओळखीचा. खोलीत चिटपाखरू नाही, पंखा गरगरतोय, दिवा जळतोय, लादी ठेवलेली ती पेटी गुणगुणतेय. “आई, इथे कशाला हात लावू नकोस हं, तुझे हात शिवशिवतात,” असं ती मला कितीदा म्हणाली होती.

ताई, मी तिन्ही बटणं बंद केली. वर देवाचं नाव घेतलं, कुणाचं तरी विजेचं बिल वाचवलं म्हणून.

तुकडे अर्ध्या वाटेत थांबले आणि पाण्यात शाई पसरावी तसे पसरले. मोजण्यासारखं काही उरलं नाही. तिनं सगळ्यांना सांगितलं, “वेळ लावताना माझीच चूक झाली.” मी पाच आठवडे गप्प बसले. निकालच नाही म्हणून चिमी भ्याली.

वाटायचं, पोरीला ठाऊक नाही. पण डबा मी त्या पेटीशेजारीच ठेवून आले होते. त्या रात्री तिनं तो घासून आणला, पालथा घातला आणि एवढंच म्हणाली, “भाजी छान झाली होती, आई.”

काल चिमीचं कळल्यावर मी शहाणीसमोर बसले. तोंड उघडायच्या आत म्हणाली, “मावशीला सांगू नकोस. तुम्हा दोघींना आता तुम्ही दोघीच उरलाय.”

देवापुढे बसते, पण मागायला काही सुचत नाही. जे मागावं ते मीच बंद करून आले.

शहाणीशी बोल. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

जिच्या हातून झालं ती,
तुझी धाकटी