मिनूच्या ताटातली रेघ

मंगळवार, संध्याकाळ

अंजू आणि मिनू, माझ्या दोघी मुली, एकाच ताटात वरणभात जेवायच्या. मध्ये बोटाने रेघ ओढायच्या आणि धाकटी मिनूच ती आधी मोडायची.

मिनू हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी अंजूला धायरीला मावशीकडे ठेवलं. मिनू रोज विचारायची, "ताई कधी येणार?" मी म्हणायचे, "उद्या." ताईची वाट बघतच मिनू गेली.

आज मेथी निवडताना अंजू म्हणाली, "आई, तेव्हा हॉस्पिटलमध्ये मला आत सोडतील का, असं विचारलं तरी होतंस का गं?"

नव्हतं. लहान मुलांना सोडत नसतील, हे मीच ठरवलं. कॉन्व्हेंट शाळेत लागलेली माझी सवय, नियम विचारायचा नाही, पाळायचा. ती रेघ मी ओढली.

आज मृत्युपत्रात एवढं लिहिलं: माझ्यामागे दोघींचं ते ताट अंजूला. घराची वरची खोली हॉस्पिटलमधल्या आजारी मुलासाठी परगावाहून आलेल्या त्याच्या घरच्यांना राहायला. त्यातही मुलाच्या भावंडांना आधी आत घ्यावं.