तरंग-४ ची जागा

३ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचा एकच संकल्प. आता घरात एकही जुना फोन आणायचा नाही. कानाला खडा.

अपवाद फक्त तरंग-४ चा. तो आला की मालिका पूर्ण. त्याला हौस म्हणत नाहीत, पूर्तता म्हणतात. बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, तुझे फोन काढून ताटांचं कपाट रिकामं करून दे, मग काय ते म्हण.

७ जानेवारी, गुरुवार

आनंदाची बातमी! वाचनालयाचा वरचा हॉल ३१ तारखेला मिळाला. विषय: ‘तरंग मोबाइलची उत्क्रांती’. वक्ता, संयोजक, संग्राहक: मी.

भाषणाचं टिपण काढलं. तरंग-१, अँटेना बाहेर, खिशात ठेवला की पँट एका अंगाला झुकायची. दोनमध्ये अँटेना पोटात गेली. तीनला रंगीबेरंगी कव्हरं. चारला बटणांवर सरकणारं झाकण: उघडलं की फोन उचलला, मिटलं की ठेवला. टक्! तो ‘टक्’ पुन्हा कुठल्याही फोनला जमला नाही. पाचला रंगीत पडदा, सहाला तिळाएवढा कॅमेरा. सातमध्ये बटणंच गेली आणि मालिकाही गेली.

चार सोडून सगळे माझ्याकडे आहेत. म्हणजे टक् सोडून सगळं आहे. दुसरे संग्राहक चष्मेवाले, त्यांच्याकडे सातही आहेत, खोक्यांसकट. आमच्या ‘तरंगप्रेमी’ ग्रुपवर रोज सकाळी फोटो टाकतात. माणूस चांगला आहे, पण दाखवायची सवय वाईट. मी प्रदर्शन भरवतोय ते प्रबोधनासाठी.

१० जानेवारी, रविवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तरंग-४ आत्याकडे आहे. वापरात. आणि मी जगभरच्या साइट धुंडाळतोय.

बायको सहज बोलून गेली, अरे, तुझ्या आत्याच्या फोनला झाकण नाही का. लगेच आत्याकडे गेलो. प्रेमानं. बऱ्याच दिवसांनी जाणं झालं. तिनंच मला लहानाचं मोठं केलं, पण हल्ली ऑफिस सुटत नाही.

आत्या रजिस्ट्रार ऑफिसात टायपिस्ट होती. आता डोळ्यांनी धूसर दिसतं, पण बोटांना सगळं दिसतं. भाजी निवडता निवडता डाव्या हातानं फोन लावते, न बघता. एकच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, हाताला लागतो. तो दाबून धरला की मला फोन लागतो. एक नंबरवर मी आहे हे ऐकून गहिवरून आलं. नीट पाहिलं तर झाकणही अजून छान सरकतंय.

म्हणालो, आत्या, हा फोन मला दे. तिनं विचारलं, का रे बाळ्या, तुझा मोडला का? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नाही म्हणायला तिनं वेळच दिला नाही, तोवर सिमकार्ड काढायला लागलीसुद्धा. म्हणाली, ने बाबा, तुझं काम फोनवरचं. मी काय, घरातच असते.

हे खरं की पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात मी दिवसभर फोनच उचलतो. तेव्हा ती अगदीच चुकीचं बोलली नाही.

११ जानेवारी, सोमवार

आत्याला दुकानातला चांगल्यातला चांगला स्मार्टफोन नेऊन दिला. व्यवहार चोख. ती काचेवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, अरे, हे सगळंच सपाट आहे, बोट ठेवायचं कुठं? म्हटलं, सवयीनं होईल. टायपिस्ट ना तू? हिरवं गोल दाबायचं. विचारलं, समजलं का? तिनं मान हलवली. म्हणजे समजलं.

घरी बायको म्हणाली, फोन नाही आणलास, बोटं काढून आणलीस तिची. नव्या वस्तूंना विरोध करणारी माणसं प्रत्येक युगात असतात.

१४ जानेवारी, गुरुवार

जीर्णोद्धार सुरू. माझा नियम आहे: संग्रहातला फोन आज डब्यातून निघाला असा दिसला पाहिजे. आत्याच्या फोनवर वापर फारच दिसत होता. आकडे पुसलेले, पाचचं बटण मधोमध खोलगट. नवीन कव्हर आणि नवीन कीपॅड मागवले होते, ते बसवले. जुने कचऱ्यात.

शेवटी मेमरी साफ केली. पाच नंबर होते. पहिला ‘बाळ्या’. पुसताना फोननं विचारलं, नक्की पुसायचं? हे जुने फोन फार विचारत बसतात. हो म्हटलं.

नवा कोरा दिसतोय. नऊचं बटण किंचित अडकतं. प्रदर्शनात नऊ कोण दाबतंय!

१९ जानेवारी, मंगळवार

आत्याचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर छताचा पंखा. हॅलो हॅलो करत होती. पंख्याशी बोलून फोन ठेवला.

२० जानेवारी, बुधवार

पुन्हा पंखा. या वेळी चालू होता.

२३ जानेवारी, शनिवार

आज दोनदा पंखा आणि एकदा आत्याचा कान. जरा चढ्या आवाजात बोललो. शिकवलेलं लक्षात ठेवायचं नाही म्हणजे काय? मग म्हटलं, जेवण झालं की मीच फोन करत जाईन. रोज.

एक सांगून ठेवतो (कुणाला, कोण जाणे): दिवसभर लोकांच्या नळांच्या तक्रारी ऐकल्यावर घरचे फोन उचलायला जीव उरत नाही. कुणाचाही उरणार नाही.

२६ जानेवारी, मंगळवार

आत्याला फोन करायचा राहिला. कालही. आणि रविवारी. प्रदर्शन संपलं की शिस्त लावून घेणार.

२८ जानेवारी, गुरुवार

रजा घेतली. दुपारभर लेबलं छापली. चारचं लेबल सर्वांत सुंदर: ‘तरंग-४. वीस वर्षं एकहाती वापर. कुटुंबाकडून भेट.’ लेबल कापतानाच आत्याचा व्हिडिओ कॉल. या वेळी पंखासुद्धा नाही, नुसता टेबलाचा पाय. कापला. हात डिंकानं भरले होते.

संध्याकाळी तिला फोन करायचा. नक्की.

२९ जानेवारी, शुक्रवार

आत्या हॉस्पिटलमध्ये आहे.

काल दुपारी ओट्याजवळ पाय घसरला. घोट्याचं हाड मोडलं. उठता येईना. फोन हातात होता, पण काचेवर काही सापडेना. शेवटी उलथन्यानं फरशी बडवत राहिली. खाली शिंप्याचं दुकान आहे. मशीन बंद करून तो चहाला निघाला तेव्हा त्याला ठोकाठोक ऐकू आली. तोवर दिवेलागण झाली होती.

आम्ही पोचलो तर मलाच म्हणाली, तुला लावायला गेले रे बाळ्या, पण हा लागलाच नाही. माझ्या हातून कॅमेराच चालू झाला. आणि हसली.

फोन पाहिला. चार फोटो होते. फरशी. टेबलाचा पाय. तिचा अंगठा. मग सगळं हललेलं, काय ते कळत नाही.

मी म्हणालो, हो आत्या, लागलाच नाही.

हे वाक्य मी म्हणालो. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोनं शिंप्याला धन्यवाद द्यायला माझा फोन घेतला. कॉलची यादी तिच्या समोर आली असणार. रिक्षात फोन परत दिला, तो यादी उघडी ठेवूनच.  

३१ जानेवारी, रविवार

प्रदर्शनाला जायचं नाही असं ठरवलं होतं. पण हॉल घेतलेला, शब्द दिलेला. शिवाय आत्या स्वतःच म्हणाली, जा की, माझ्यापाशी बसून हाड थोडंच जुळणार. तिचा शब्द मोडवेना. एरवी मोडवतो.

आली सात माणसं. त्यातल्या दोघांना फोन चार्ज करायचा होता. एकानं स्वच्छतागृह विचारलं. एक बाई तरंग-२ बघून म्हणाल्या, अय्या, हा आमच्याकडे होता, कुठं फेकला कोण जाणे. आणि गेल्या.

चष्मेवाले आले. चारपाशी थांबले. भिंग काढलं. (खिशात भिंग घेऊन फिरतात!) झाकण सरकवलं, टक् झालं, मान डोलावली. माझी छाती फुगली. मग बटणांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, कीपॅड बाजारातला आहे. कव्हरही. मूळ कुठं आहेत? म्हटलं, फार झिजले होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, अहो, झिजलेलेच तर हवे होते! डब्यातले माझ्याकडेही आहेत. एका हातानं वीस वर्षं वापरलेला चार मी आजवर पाहिला नाही. हा आता कुणाचाच नाही.

त्यांच्यावर रागवायचं होतं. राग आला नाही. लेबलावर ‘एकहाती वापर’ लिहिलेलं होतं, ते काढून खिशात घातलं.

भाषण केलं नाही. घसा बसला, असं सांगितलं. बसलाही होता थोडासा.

२ फेब्रुवारी, मंगळवार

जुना कीपॅड शोधला. माळा, टेबल, टेबलाखाली. तो कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेलाय हे मला ठाऊक आहे. तरी शोधला. बायको दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि नेलपॉलिशची बाटली आणून समोर ठेवली. लाल नव्हती, जांभळी होती. म्हणाली, हाताला रंग कळत नाही.

एकवर ठिपका दिला. आधी ओघळला. पुसून पुन्हा दिला. त्याच बटणाला माझा नंबर लावला.

आता खरा संकल्प. फोन परत करायचा आणि खरं काय ते सांगायचं. लागला होता, मी कापला.

३ फेब्रुवारी, बुधवार

आत्या घरी आली. फोन दिला. सगळं बोलायचं पाठ करून गेलो होतो.

तिनं झाकण सरकवलं. टक्. चेहरा उजळला. मग बोटं बटणांवर गेली आणि थांबली. पाचचा खड्डा शोधत होती. म्हणाली, हा माझाच का रे? म्हटलं, तुझाच, जरा स्वच्छ केलाय. ती म्हणाली, असेल, असेल, बोटंही म्हातारी झाली माझी.

 शिंपी शेजारीच बसला होता, त्याच्यासमोर कसं सांगणार? चहा घेऊन परत आलो.

७ फेब्रुवारी, रविवार

आज सांगणारच होतो.

शिंपी नव्हता. बायकोला मुद्दाम स्वयंपाकघरात पाठवलं. तोंड उघडलं तर आत्याच म्हणाली, तुझा तो एकवरचा ठिपका छान आहे हो, बरोबर हाताला लागतो. मी म्हटलं, मग दाब की. तिनं दाबला. माझा खिसा वाजला नाही. खाली शिंप्याच्या दुकानात वाजला. मशीन थांबलं, आणि तो जिन्यात धावत आला! तिनं त्याला सांगितलं, काही नाही रे, बाळ्याला दाखवत होते. तो हसून परत गेला.

दोनवर डॉक्टर. तीनवर दूधवाला. मी विचारलं, आणि मी?

नऊवर.

म्हणाली, शिंप्यानं नंबर भरून दिले. भरताना त्या काचेच्या फोनमधलं वाचूनही दाखवलं. गुरुवारी तुला लागला होता म्हणे. कापला गेला. कामात असशील. तुला पुन्हा कापायला लागू नये म्हणून जरा लांबचं बटण दिलं. नऊ थोडं अडकतं, पण तुला घाईनं लावायची वेळ कुठं येते?

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. दुधाच्या पिशव्या किती घ्यायच्या ते सांगावं, तसं बोलली.

मी म्हणालो, नऊचं बटण साफ करून देतो. ती म्हणाली, राहू दे, उघडशील आणि परत नवं बसवशील.

एवढं पाठ केलेलं, त्यातलं एक वाक्य तरी म्हणायला हवं होतं. ‘मी कापला’ एवढंच. तिनंच माझ्या वतीनं म्हटल्यावर मी नुसती मान हलवली. समजलं, अशी.

८ फेब्रुवारी, सोमवार

ताटांचं कपाट बायकोला रिकामं करून दिलं. ग्रुप सोडला. सोडल्याचं चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं नसावं, कुणी काही विचारलं नाही.

नवीन नियम: ऑफिसात, जेवताना, अंघोळीलाही फोन जवळ. आवाज पूर्ण मोठा. पहिल्या घंटीला उचलायचा. हात डिंकाचे असोत की साबणाचे.

१० फेब्रुवारी, बुधवार

दोनदा वाजला. दोन्ही वेळा पहिल्या घंटीला उचलला. एक कर्जवाला. एक चुकीचा नंबर, त्याच्याशीही बराच वेळ बोललो.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

मी लावला तर आत्या लगेच उचलेल आणि कसा आहेस म्हणून विचारेल. म्हणून लावला नाही.

तिचा आजही आला नाही. नऊचं बटण अडकत असणार.