दुधनेत गेलेला तांब्याचा दगड

प्रिय दिगू,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांतला मी नाही. तू जिवंत असताना तरी कुठं लिहीत होतो? पण काल हैदराबादेहून तुझे अन्वरसाहेब आले. तुझ्याच भूगर्भ खात्यातले, तुझ्याच टेबलाशी बसणारे. दारातूनच म्हणाले, "किसनभाई, दिगंबरका वो हरे दागवाला पत्थर होना." पाहिजे म्हणे! मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पान दिलं. दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच! तेव्हापासून डोकं तापलंय. कुणाशी भांडू? तुझ्या बापाशी, तात्यांशी, भांडून झालं. आता तुझ्याशी.

तू गेलास तेव्हा मी नव्हतो. या जर्मनीच्या लढाईनं पेट्रोल खाल्लं, म्हणून माझी लॉरी कोळशाच्या गॅसवर घेतली, आणि ती भट्टी नेमकी जालन्याजवळ रुसली. सेलूला येईपर्यंत निरोप शिळा झाला होता. पेडगावला तुझ्या घरी पोचलो तर तुझी राखही सावडून झालेली. एवढी कसली घाई रे तुझी? दगडांपाशी बसलास की तासन् तास हलायचा नाहीस, आणि तापानं मात्र तुला एका आठवड्यात उचललं!

तुझं शास्त्र मला कळायचं नाही, हे तुला ठाऊक होतं. तू शिकलास हैदराबादेत, तेही उर्दूत. मी शिकलो लॉरीच्या पाट्याखाली पडून. पण एकदा जिंतूरच्या चढावर इंजिन उकळलं, मी रेडिएटर उघडला, आणि तू त्या बारीक नळ्यांत बोट घालून पांढरा थर खरवडलास. "किसन, हेच माझं काम."

"नळ्या साफ करायचं?"

"ऐक की! गरम पाणी जाताना विरघळवून नेतं. थंड झालं, अडलं, की टाकतं. जमिनीच्या पोटात हेच चाललेलं असतं. भेगाभेगांतून पाणी फिरतं, वाटेत खडकातलं तांबं घेतं, सोनं घेतं, आणि कुठंतरी ठेवून देतं. रायचूरकडं गारेच्या, म्हंजी गारगोटीच्या, शिरांत सोनं हाय ते असंच. प्रश्न एवढाच, हिथंच का ठेवलं? पुढं का न्हाई, मागं का न्हाई?"

मला हसू आलं होतं. इतका शिकलेला माणूस आणि प्रश्न हमालाचा! ओझं कुठं उतरवायचं? पण नंतर मी रेडिएटर उघडला की बघायला लागलो. थर सगळीकडं सारखा नसायचा. वळणाला जाड, सरळ नळीत पातळ. तुला सांगितलं तेव्हा तू लॉरीत बसल्या जागी आनंदानं उडी मारलीस.

आणि मग तो दगड! जिंतूरच्या डोंगरात एका शेतकऱ्याच्या विहिरीचा खडक फोडायचं काम चाललं होतं, तिथं माझ्याच लॉरीनं तुला नेलं होतं. तू बाहेर आलास तो मुठीत काळा दगड घेऊन, मुठीत मावेल एवढाच. एका बाजूनं फुटलेला, आत पोकळी, पोकळीच्या कडेला हिरवट डाग, आणि मधोमध तांबूस चकाकणारा कण. तू मला कडेला ओढलंस. "आधी गार बसली, तिच्यावर तांबं, तांब्यावर चुना. पापुद्र्यावर पापुद्रा. कोण आधी आलं, कोण नंतर, सगळं ह्यात दिसतंय. आमचे मोठे साहेब म्हणतात, आपल्या काळ्या दगडात तांबं यायचंच न्हाई. आता म्हण म्हणावं!"

विहिरीवरचे लोक विचारत होते, "साहेब, तांबं निघालं म्हंजी खाली सोनं बी असंल की?" तू म्हणालास, काढण्याजोगं काहीच नाही. त्यांची तोंडं बघितली होतीस का? मी बघितली. माझं तोंडही तसंच झालं असणार.

घरी तर तुझी रोजच आरती व्हायची. तात्या ओट्यावर बसून म्हणायचे, "आमचा दिगंबर लय वर्षं झाली सोनं धुंडायलाय, आन् मायच्या हातात आजून पितळंच!" तू नुसता हसायचास. एकदा तरी उलटून बोलायला काय झालं होतं? तात्यांना बसवून तो दगड दाखवला असतास, हा काय आहे ते सांगितलं असतंस, तर आज ही वेळ आली नसती. साहेबांपुढं पोपटासारखा बोलायचास, आणि घरात मुका!

कारण बघ, झालं ते असं. तू गेल्यावर जिंतूरच्या दवाखान्यातून तुला बैलगाडीनं आणलं, तुझी पिशवीही त्याच गाडीत. नदीकाठी सगळी तयारी झाली, आणि जीवखडा आणायचा राहिला. मडक्याला भोक पाडायला दगड पाहिजे, आणि पुढं दहा दिवस त्याच दगडावर पाणी घालायचं. पण आपलं काळं रान! ढेकूळ मागशील तेवढं, दगड औषधालाही नाही. दुधना भरून चाललेली. लोक खोळंबले. तेव्हा तात्या म्हणाले, "आरं, हिंडताय कशाला? ह्याच्या पिशवीत दगडाबिगर दुसरं हायेच काय?" आणि हात घातला. पिशवीत इतके दगड असताना हाताला तोच लागला!

मला हे कळलं दहाव्याला. गुरुजींपुढं ताटात तीळ, तेल, आणि मधे तू. म्हणजे तो दगड. तेलानं हिरवा डाग कसा उजळला होता! मी तात्यांना बाजूला घेतलं. "तात्या, हा दगड सोडू नका. दुसरा सोडा. हा सरकारात जायचा हाय."

"आं? दहा दिस ह्येलाच दिगंबर म्हणून पाणी घातलं, आन् आता दुसरा?"

"त्याचं सगळं काम त्यात हाय हो."

"काम? आन् जीव कशात हाय मग?"

 तुझी माय पुढं झाली. ती म्हणाली, "किसन, आयुष्यभर सरकारानंच नेला त्येला. आता तरी आमच्या हातानं जाऊ दे." 

मी गुरुजींना हळूच विचारलं, "सोडल्यावर त्या दगडात काय राहतं?"

"काही नाही. सोडला की तो दगडच." म्हटलं, ठीक. जाऊ दे नदीत, उन्हाळ्यात बघू.

आणि दिगू, कावळा! पिंड ठेवून लोक मागं सरकतात न सरकतात तोच शिवला. सगळे म्हणाले, सुटला बिचारा, काही इच्छा राहिली नाही. मला तुझा असा राग आला! तुझा दगड नदीत चाललाय, आणि तुझी इच्छा नाही? जरा अडून बसला असतास! मी पुढं होऊन, दगड सरकारात पोचवतो म्हणून, सगळ्यांदेखत कबूल केलं असतं, आणि तात्यांनाही ऐकावं लागलं असतं. दुनिया अडून बसते, दिगू. तुलाच कधी जमलं नाही.

तात्यांनी दगड भिरकावला. माझे कान तिखट, इंजिनातली कुरकुर मैलावरून ऐकणारे. डुबुक आवाज कुठून आला ते मी पक्कं धरून ठेवलं. उंबराच्या समोरच्या डोहात, धारेच्या अलीकडं.

काल अन्वरसाहेबांना घेऊन तिथंच गेलो. माझ्याकडं यायच्या आधी ते विहिरीवर जाऊन आले होते. ती चुन्यात बांधून काढलीय, आणि मालक म्हणाला, "तुमच्या चिमूटभर तांब्यापायी माझी विहीर पाडू का काय?" म्हणजे आता तो एकच दगड. पाणी आता गुडघ्यापर्यंत उतरलंय. आम्ही धोतर-पाटलोण खोचून डोहात उतरलो. पायाखाली दगडच दगड! साहेब खूष झाले. एक उचलला, हातोडी काढली, म्हणाले, "तोडके देखते."

आणि मला लख्ख कळलं. ह्या रानात दगड नाही. मग डोहात आले कुठून? जो आहे तो कुणीतरी कुणासाठी सोडलेला. साहेबांच्या हातात कुणाचा बाप होता, कुणाची लेक होती, कोण जाणे! मी त्यांचं मनगट धरलं. गुरुजींचं शास्त्र मला पाठ होतं, सोडला की दगडच. तरी हात सुटेना. सगळं सांगितल्यावर साहेबांनीच तो दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. मग न फोडता, नुसत्या डोळ्यांनी जेवढे बघता आले तेवढे बघितले. तुझा त्यात नव्हता.

संध्याकाळच्या गाडीत बसताना ते म्हणाले, "पत्थर नै तो कौन सुनेगा, किसनभाई? अपने पास तो सिर्फ बात रह गई."

तू मेलास ते मेलास, वर तुझं खरं ठरायचंही राहिलं! याचा संताप कुठं ठेवू?

आज सकाळी रेडिएटर साफ करत होतो. वळणाला तोच जाड थर. आणि बसल्या जागी स्वतःच्या कपाळावर हात मारला. डोहातले दगड जुने, जड, गाळात रुतलेले. तुझा मुठीएवढा, आणि तो पडल्यावर दुधनेला दोनदा पूर येऊन गेला. मी आवाज कुठं झाला ते धरून बसलो, आणि तुझा प्रश्न विसरलो. पाणी ओझं कुठं टाकतं?

तुझ्या मायला जाऊन विचारलं, शोधू का? ती म्हणाली, "शोध. पर गावला तर आदी माझ्या हातात दे. त्यानं दावला न्हाई, तू तरी दाव."

तर दिगू, ऐक. रोहिण्या लागून पाऊस यायच्या आधी लॉरी उभी करतो आणि डोहापासून खाली निघतो. पाणी जिथं वळतं, जिथं थकतं, तिथं तिथं वाळू चाळतो. दुसऱ्या कुणाच्या दगडाला हातोडी लावणार नाही. तुझा सापडला की आधी पेडगावच्या ओट्यावर नेईन, मायच्या ओंजळीत ठेवीन, आणि तात्यांना समोर बसवून सांगीन, आधी गार, मग तांबं, मग चुना. त्यानंतर हैदराबाद.

यंदा नाही सापडला तर पुढच्या उन्हाळ्यात आणखी खाली. तू अडून बसला नाहीस ना? मी बसतो.

तुझा,
किसन