घड्याळ नानांनी तपासलं होतं

प्रिय सुखदेव नाना,

तुम्हाला जाऊन आज महिना झाला. आपल्या अमळनेरच्या कॉलेजने स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितलाय: भौतिकशास्त्रातले मोठे शोध एकाच प्रतिभावंतामुळे लागतात का? तीन दिवस कागद कोराच आहे. म्हणून आधी तुम्हाला लिहितोय.

आठवतं? शाळेतली कविता म्हणावी तसा मी वर्गात घोळवून सांगायचो, "सगळीकडे अंधार होता, आणि एकच माणूस दिवा घेऊन आला!" तुम्ही मागे भिंगं पुसत असायचात. एकदा पोरं गेल्यावर म्हणालात, "सर, बाकी बठ्ठा लोके झोपेल व्हतात का?"

मी हसण्यावारी नेलं. प्रयोगशाळेतल्या शिपायाला काय कळतं!

लोलकाचा प्रयोग वर्षानुवर्षं चुकायचा. गुरुत्वाचा आकडा दरवेळी कमीच. पोरं मुकाट्याने पुस्तकातला आकडा जर्नलमध्ये उतरवायची, मीही सही ठोकायचो. तुम्ही मात्र प्रयोगातलं स्टॉपवॉच घरी नेलंत. पंधरा दिवस, रोज सकाळी रेडिओच्या वेळेशी ताडून कॅलेंडरच्या पाठीवर आकडे लिहिलेत. "सर, लोलक खरा शे. घड्याय पुढे पयस." घड्याळच पुढे पळत होतं, म्हणून आकडा कमी यायचा.

मग तपासणी समिती आली. फळ्यावर मी ते सगळं माझंच म्हणून उलगडून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "अशी नजर हजारात एकाला!" तुम्ही दारात ट्रे घेऊन उभे होतात. माझी जीभ का उचलली नाही, नाना? आणि तुम्ही तरी का गप्प राहिलात? एवढंच म्हणालात, "सर, चहा थंडा व्हई ऱ्हायना."

त्या नजरेवर मला बढती मिळाली. प्रशस्तिपत्र अजून जळगावच्या घरी भिंतीवर आहे. तुम्ही शिपाई म्हणूनच निवृत्त झालात.

प्रतिभा असते, नाना. मी अजूनही तिच्यावर भाळलेलाच आहे. पण तिच्यासाठी कुणी भिंग घासलं, कुणी घड्याळ तपासलं, ती नावं कुठे जातात? मला ठाऊक आहे. एक मीच घालवलंय.

परवा तुमच्या घरी तुमच्या पत्नीला, अक्कांना, सगळं सांगितलं. लेखात तुमचं नाव घालतो म्हणालो. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "आते नाव लाईसन काय व्हई, सर? नाना ऐकाले शेतस का?"



तरी लिहीन. पहिलंच वाक्य तुमच्या नावाने सुरू होईल. समारंभात ते मी स्वतः वाचीन. आणि चहा आला, की ट्रे धरून उभ्या असलेल्या माणसाला आधी त्याचं नाव विचारीन.

तुमचा,
फार उशिरा बोललेला
पाटील सर