ठराव आणि अनुमोदन यांच्या संगोपनाविषयी

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला शब्दशः. काल शेणावरून पाय घसरला आणि आठही अंगे एकदम जमिनीला टेकली. तोंड तुझ्या घराच्या दिशेला होते, म्हणून तो नमस्कार तुलाच पोचला असे समज.) तुझ्या कानातली शिट्टी थांबली का? वहिनीचे गुडघे काय म्हणतात? ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होताना तू उचलून आणलेली 'शांतता राखा' ही पाटी अजून परसात टांगलेली आहे का? मी ठणठणीत आहे. शाळेतल्या प्रकाराबद्दल तुझ्या कानावर काही आले असेल, तर ते बहुतेक खरे आहे आणि मला त्याचा यत्किंचितही पश्चात्ताप नाही.

झाले असे. आमच्याकडे दरवर्षी 'प्रकल्प' म्हणून थर्माकोलचा ज्वालामुखी येतो. तो वडील बनवतात, मुलगा उचलून आणतो, परीक्षक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यात जातो. यंदा मी शिक्षकांच्या सभेत उभी राहिले आणि म्हणाले, मुलांना एकदा तरी असे काही द्या, की जे ती विसरली तर ते उपाशी राहील. (टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मी थांबत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक?) शेवटी शाळेमागच्या गोठ्यातून नुकतेच जन्मलेले दोन गोऱ्हे आमच्या जुन्या सायकल-शेडमध्ये आले. गोठ्यात गोऱ्ह्याला कोणी विचारत नाही. आईचे दूध विकायला जाते आणि त्याच्या वाट्याला व्यापाऱ्याची गाडी येते. माझ्या वर्गाने थोरल्याचे नाव ठेवले ठराव. धाकटा त्याच्या मागे मागे फिरतो आणि तो मान हलवेल तशी मान हलवतो, म्हणून तो अनुमोदन.

वासरे हातावर वाढवण्याबद्दल मी पाच पुस्तके वाचली. पाचांचे एकमत एवढ्याच गोष्टीवर की, वासराला बादलीतून पिता येत नाही. आपले बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायचे, ते चोखू लागले की हात हळूहळू बादलीत न्यायचा. यात भर माझी. का करतो आहोत हे कळल्याशिवाय एकही बादली उचलायची नाही, असा मी नियम केला आणि सकाळ-संध्याकाळ खोक्यावर उभी राहून दूध पाजण्याआधी एक छोटेसे भाषण देऊ लागले. (छोटेसे म्हणजे माझ्या मानाने.) कधी भुकेवर, कधी श्रमावर, कधी कर्तव्यावर. दादा, इतकी वर्षे बोलते आहे, पण असे श्रोते मला कधी लाभले नाहीत! जांभई नाही, चुळबूळ नाही, दोघांचे डोळे माझ्या उगारलेल्या बोटावर खिळलेले. विषय त्यांना पटतो आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

माझा घसा बसला तेव्हा खरे काय ते कळले. त्या दिवशी बादल्या गणिताच्या सरांनी घेतल्या. वासरांनी तोंड फिरवले. सरांनी बोट दिले, तेही नको. संध्याकाळपर्यंत ठरावच्या कुशी आत गेल्या, अनुमोदन उभाच राहीना, मुली रडायला लागल्या. मी बाकावर बसून नुसती घशातून हवा काढत होते. अखेर सरांचा तोल गेला. त्यांनी बोट उगारून, अपुऱ्या गृहपाठावरून सगळ्या वर्गाला खच्चून झापले, आणि दोन्ही वासरांनी बादलीत मुंडी घालून तळ गाठला! त्या दोघांच्या लेखी दूध भाषणातून येते. आवाज चढला की पान्हा फुटला. हे मी त्यांना शिकवले होते, आणि माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत धडा इतका पक्का कोणाचाच झाला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात शाळेचे अध्यक्ष प्रकल्प पाहायला आले. मी मुख्याध्यापिकांना आधीच बजावले होते, की काहीही करा, पण साहेबांना भाषण करू देऊ नका. त्या म्हणाल्या, "बाई, हे तुम्ही सांगताय?"

अध्यक्षांनी माइक धरला, 'शिस्त' असे म्हटले आणि तर्जनी वर केली. ठरावने दावे तोडले. तो व्यासपीठावर चढला आणि सर्वांसमक्ष ती तर्जनी मुळापर्यंत तोंडात घेऊन बसला. मागून अनुमोदन आला. त्याला बोट उरले नव्हते, म्हणून त्याने कोटाचे टोक धरले. साहेबांनी नुसते गप्प राहायचे होते. पण माइक हातात असताना कोण गप्प राहतो? ते ओरडत गेले, आणि ते जितके ओरडले तितक्या जोमाने ती चोखत गेली. मुले हसली नाहीत, दादा. वासरांची दुधाची वेळ झाली असे समजून ती बादल्या आणायला धावली. (एक बादली साहेबांच्या बुटात रिकामी झाली, तो अपघात होता.) मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत चांगला वर्ग तो.

दुसऱ्या दिवशी मला अध्यक्षांचे बोलावणे आले. "बाई, ही शाळा आहे, गोठा नाही. सोमवारच्या आत ही जनावरं जिथून आणली तिथे गेली पाहिजेत."

मी म्हटले, "पाठवते. मग मंगळवारी ती कोणाच्या गाडीत चढली, हे मुलांना तुम्ही सांगायचं. माइकवर."

"प्रकल्प संपला!"

"ती आपलं आपण गवत खायला लागली, की संपेल. तोवर तो संपवायला तुमच्या बोटापेक्षा मोठं काहीतरी लागेल." (इथे मुख्याध्यापिकांना ठसका लागला.)

तर आता वर्गाबाहेर शाळेच्या आवारात मी भाषण करायचे नाही, असा हुकूम निघाला आहे. मी माफी मागितलेली नाही, राजीनामा दिलेला नाही, आणि दोन्ही गोष्टी करणार नाही. माझ्या बाजूने उभे राहा म्हणून कोणाच्या दारी जाणार नाही. ही लढाई माझी आहे, मी एकटी लढेन. तुला फक्त कळावे म्हणून लिहिले.

वहिनीला नमस्कार.

जिच्या भाषणांचा सराव सुरू झाला की तू खिडक्या लावून घ्यायचास, ती तुझी
धाकटी

ता. क. : पत्र पोस्टाने न येता टेम्पोवाल्याच्या हातून आले, याचे तुला नवल वाटले असेल. त्याला जाऊ देऊ नकोस. परसाचे फाटक उघड. दोन्ही फळ्या उघड, ठराव आडवा घुसतो. अध्यक्षांचा हुकूम शाळेच्या आवारापुरता आहे आणि तुझे परस आवाराबाहेर आहे. वहिनीची फुलझाडे आधी आत घ्या.

आणखी ता. क. : दुधाची भुकटी टेम्पोतच आहे, कोमट पाण्यात कालवायची. संध्याकाळी शाळा सुटली की मुले सायकलींवरून येतील, मीही येईन. तुझ्याकडे फक्त सकाळ.

शेवटचा ता. क. : सकाळी नुसती बादली पुढे धरून ती पिणार नाहीत, हे वर आलेच आहे. तू जन्मात कधी आवाज चढवला नाहीस हेही मला ठाऊक आहे, म्हणून तर पत्र एवढे लांबवले. ती पाटी काढून ठेव. पायरीवर उभा राहा, बोट वर कर आणि 'साष्टांग नमस्कार'पासून खणखणीत वाचायला लाग. मनातल्या मनात वाचलेस तर दोघे उपाशी राहतील. अध्यक्षांपाशी पोचेपर्यंत कोणीतरी येऊन तुझे बोट धरील. धरू दे. आवाज खाली आणू नकोस.