कुंपणालगतचा आर्चा

मी, बिबिसारा झाकेनोवा, राहणार तालगार, जन्मभर झाडांना रोग लावणाऱ्या बुरशींची कुळं लावत बसलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवते. लिहिताना मधूनच डोळे मिटतात, डोंगरावरचं धुकं खोलीत आल्यासारखं वाटतं. पण ती पेंग आहे, भ्रम नव्हे.

घर आणि सूक्ष्मदर्शक भाची सालतनातला. वाळवलेल्या रोगट पानांची पाकिटं संस्थेला. संचालक जागा नाही म्हणतील. त्यांच्या खोलीतला सोफा हलवावा. शुक्रवारी माझ्या नावाने शेलपेक, म्हणजे मृतांच्या आठवणीच्या पुऱ्या, तळावेत, आणि तेल ताजं घ्यावं.

आता आर्चा, म्हणजे डोंगरातलं जुनिपरचं झाड. डोंगरातून आणून मी तो कुंपणालगत लावला. वसंतातल्या पावसात त्याच्या काटेरी फांद्यांवर नारिंगी, लिबलिबीत बुरशी फुगते. तिला मी नाव दिलं. पलीकडे माझा सहकारी तेमिरखान अबिशेव राहतो. त्याच्या सफरचंदाच्या पानांवर केशरी ठिपके पडतात. त्या ठिपक्यांच्या बुरशीला त्याने आधीच वेगळं नाव दिलं होतं. तरुणपणी त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आधी तुझ्या बुरशीचं कूळ ठरू दे. तो हसला आणि बिनलग्नाचाच राहिला. मीही राहिले. मला तो फार आवडायचा, अजून आवडतो. हे कायद्याला नको असलं तरी लिहिते.

पुढे सालतनातने दोन्हींची जनुकं ताडून पाहिली. बुरशी एकच निघाली. अर्धा जन्म आर्च्यावर, अर्धा सफरचंदावर. एक झाड गेलं की ती संपली. नियमाने जुनं नाव टिकतं, म्हणून त्याचं राहिलं, माझं गळालं. चिडले, मग गाढ झोपले.

सफरचंद वाचवायचं तर आर्चा तोडा, असं सगळे बागवाले सांगतात. सालतनातचा नवरा तर करवत परजून बसलाय. म्हणून आर्चा, मुळांखालच्या मातीसकट, तेमिरखानला देते. तोडायचा तर त्यानेच तोडावा.

आज तो साक्षीला आला आणि हे कलम वाचून त्याने पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे मला साक्षीलाही घेत नाहीस?"

"ज्याला काही मिळतं त्याला साक्ष देता येत नाही, तेमिरखान."

त्याने पेन खिशात टाकलं. मग म्हणाला, "मग मधलं कुंपण काढतो मी."

सबब शेवटचं कलम: कुंपण दोघांचं आहे, माझ्या अर्ध्याला माझी संमती आहे. एवढं कलम माझ्या मरणाची वाट न बघता उद्या सकाळीच अमलात यावं.

सही: बिबिसारा झाकेनोवा
साक्षीदार: कुलझान ओराझबाएवा, शेजारीण, दाउत सेरिकोव, टपालवाला
तालगार, १२ मे २०१९