चौथी ओळ

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझी भावजय आता अंथरुणातून उठत नाही. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली ती गेलीच, उजवी बाजूही गेली. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. त्याचा अर्थ मला कळला, पण कळला नाही असं दाखवतो.

पत्र एका कामासाठी. आई काजं करताना जे पद म्हणायची, ते ही तिच्याकडून शिकली आणि जन्मभर माझ्या शिलाई मशीनमागे बसून म्हणत आली.

देह उसना सदरा,
घातला तोवर आपला,
उसवला तर रडू नको...

पुढची ओळ मशीनच्या खडखडाटात मला कधी ऐकूच आली नाही. मी चेष्टा करायचो, रचणाऱ्याने सुई धरलेली दिसत नाही, उसना सदरा कधी अंगाला बसतो का? पण आमची पोर तापात गेली तेव्हा ह्याच तीन ओळींनी आम्हाला धरून ठेवलं.

आता मी त्या म्हटल्या की ती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहते. चौथीची वाट बघते गं. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. उलट टपाली कळव. पत्ता दोनदा तपासलाय, तरी धाकधूक आहेच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अरे वेड्या, चौथी ओळ नाहीच. आई तिथे थांबायची आणि समोर असेल त्याने आपल्या मनची ओळ जोडायची. मी लहानपणी ‘ठिगळ लाव’ म्हणाले, तर हसता हसता तिने बोटात सुई टोचून घेतली. तू मशीनवर बसलास की घराला आग लागली तरी मान वर करायचा नाहीस. भावजय एकदा हसत म्हणाली होती, मी रोज थांबते, ह्यांचं मशीन काही थांबत नाही.

ओळ माझ्याकडे मागू नकोस. तूच म्हण, आणि लवकर म्हण. स्वतः दोन घास खात जा.

तुझी ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

त्या सकाळी तीन ओळी म्हटल्या. ती बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “शिंपी घरातच आहे.” तिने डाव्या हाताने माझं बोट धरलं ते सोडलंच नाही. मला मात्र वाटत राहिलं, आपण पद बिघडवलं, शेवटी तरी तिला खरी ओळ ऐकवायला हवी होती. तिला पोचवून आलो तरी डोक्यात तेच. मग तुझं पत्र हाती पडलं.

दुकान उघडलंय. आता तीन ओळी मीच म्हणतो. तिसरी झाली की मशीनच्या पायट्यावरचा पाय उचलतो. मागून कोणी काही म्हणत नाही. तरी थोडा वेळ थांबतो.

कानात औषध घालायला विसरू नकोस. आता मला रागवायला तूच उरलीस, तेवढा लोभ ठेव.

तुझा धाकटा